दर सातवी बोट

तुर्भे, नवी मुंबई
१२ ऑक्टोबर १९९६

प्रिय उज्वलाताई,

पाया पडतो. आधी रागावून घे, मग पुढचं वाच. झालं? हं.

कॉलेज सोडल्याचं तुला आप्पांनी सांगितलंच असेल. मी सरांच्या अंगावर धावून गेलो असंही सांगितलं असेल. साफ खोटं. मी फक्त ब्युरेट टेबलावर आपटली. ती फुटली यात माझा काय दोष, काचेची होती. 'घाटावरची पोरं डोक्यानं नाही, हातानं शिकतात' असं ते वर्गात बोलले. मग हातानं दाखवलं. चुलतभाऊ म्हणून तरी तू माझी बाजू घे.

आता चांगली बातमी. नोकरी लागली. तात्पुरती आहे, पण सरकारच्या सावलीतली. मासळी मोजायची. हसू नकोस.

उरणच्या पुढे, द्रोणागिरीच्या डोंगराखाली मासळीचा धक्का आहे. रोज तीस-चाळीस बोटी लागतात. महिन्यातले दहा दिवस ऑफिस ठरवून देतं. त्या दिवशी मी धक्क्यावर उभं राहायचं आणि येणारी दर सातवी बोट मोजायची. सातवी, चौदावी, एकविसावी. कुठली मासळी, किती पाट्या, पाटीत किती किलो. शेवटी दिवसभरात एकूण बोटी किती आल्या तो आकडा. बस्स. गुणाकार ऑफिसात करतात. मग तो आकडा जिल्ह्याला जातो, तिथून राज्याला, तिथून दिल्लीला. पेपरात येतं ना, देशानं यंदा समुद्रातून इतके लाख टन मासळी काढली? ताई, त्यातला एक तुकडा माझ्या बॉलपेनातून उतरतो. आप्पांना सांग, तुमच्या पोराशिवाय देशाची बेरीज पुरी होत नाही.

मला मासे कुठले ओळखता येणार? पहिल्या दिवशी पापलेटला मी 'चपटा मासा' लिहिलं आणि कोळंबीला 'किडे, मोठे'. आमचे सुपरवायझर रणपिसेसाहेब सहा महिन्यांतून एकदा येतात, त्यांनी फॉर्म माझ्याकडे भिरकावला. मी उलट बोलणार होतो, तेवढ्यात मागून एक मुलगी हसली. पोपटनाखव्याची मुलगी, जयवंती. नाखवा म्हणजे बोटीचा मालक. त्याच्या बोटीचं नाव 'भिमाबाई', त्याच्या आईचं. जयवंती दहावी पास आहे आणि बापाच्या पाट्या उतरवून घ्यायला धक्क्यावर असते. तिनं एकेक मासा उचलून नाव शिकवलं. चुकलो की तोच मासा मनगटावर. आता मला अठरा जाती येतात. मांदेली तर मरेपर्यंत विसरणार नाही, तिचा काटा आत गेला.

बाकी विशेष काही नाही. खरंच विशेष काही नाही.

तुझा
इंद्रजित

ता. क. कोंडिबामामा म्हणतो, मार्चपर्यंत नोकरी टिकली तर माझ्या खोलीत राहा, नाहीतर कांद्याच्या परतीच्या ट्रकमध्ये बसवून वाईला धाडतो. मामा मार्केटात माथाडी आहे. खरोखर उचलून बसवेल.


वाई
२४ ऑक्टोबर १९९६

चि. इंद्रजित,

आशीर्वाद. रागावून अजून झालेलं नाही, चालू आहे.

तुझ्या पत्रात मासळीला दीड पान आणि त्या मुलीला सात ओळी. पण 'विशेष काही नाही' हे तू दोनदा लिहिलंस, म्हणून त्या सात ओळी मी पुन्हा वाचल्या.

आप्पांना पत्र देऊ नये असं ठरवलं होतं. त्यांनी माझ्या पर्समधून काढून मधलंच पान वाचलं आणि आता मला विचारतायत, ही भिमाबाई कोण, वय किती, आणि नवऱ्यानं सोडलेली आहे का. बोट आहे म्हटलं तर म्हणाले, 'तू त्याला पाठीशी घालू नकोस.'

नोकरी लागली हे चांगलं झालं. पण मोजणीचं काम सोपं समजू नकोस. एक्क्याण्णवच्या जनगणनेला मी चारशे घरं पायी फिरले. एका घरात तर म्हातारीनं सुनेला मोजूच दिलं नाही, म्हणाली, ती माणसात नाही. तीन चकरा मारल्या, सुनेला लिहूनच आले. लोकांना वाटतं आकडा म्हणजे नुसती शाई. आकड्याच्या मागे कोणीतरी घाम गाळलेला असतो.

सरळ वाग. डोकं थंड ठेव. मासे खात असशील तर काटे बघून.

तुझी
उज्वलाताई


तुर्भे
२ डिसेंबर १९९६

प्रिय ताई,

हे पत्र कुलपात ठेव.

विशेष काही आहे. तुला कळलंच होतं, मग विचारलं का नाहीस? मला जेवण जात नाही. मामी म्हणते, काविळीचा रंग दिसतो. तिला काय सांगू, की काविळीचं नाव जयवंती आहे?

आता अडचण ऐक. पोपटनाखवा रोज धक्क्याला पहिला लागतो. पहिल्या मासळीला भाव जास्त. तीस वर्षं त्यानं कोणाची बोट पुढे जाऊ दिलेली नाही, दुसरी बोट शेजारी आली की तो असा काही बघतो की समोरच्याचं इंजिन आपोआप मंद होतं. आणि पाट्या उतरल्या की जयवंती पहिल्याच टेम्पोनं उरणच्या बाजारात. म्हणजे सातवी बोट लागेपर्यंत ती गायब! मग मी तिथं उभं राहून कोणासाठी मोजायचं? देशासाठी?

म्हणून नियम थोडा वाकवला. मी रोज भिमाबाई मोजतो. नीट मोजतो हां, एक पाटी दोन-दोनदा. बाकीच्या बोटींचं काय, त्याच समुद्रात जातात, तीच मासळी आणतात. एकीवरून सगळ्यांचा अंदाज येतोच. तसंही ऑफिसात गुणाकारच करतात.

परवा ती म्हणाली, "रोज आमचीच बोट कशी रं येते तुझ्या नंबरात?"

म्हटलं, "नशीब."

"कोनाचं?"

"देशाचं."

"देशाला सांग, लवकर मोज म्हनावं. बरफ वितळतोय."

ताई, हे प्रेम नाही तर काय आहे?

रणपिसेसाहेबांचं मात्र डोकं फिरलंय. नाखव्याचं जाळं बोंबलाचं, त्यामुळे माझ्या कागदावर अख्ख्या धक्क्यावर नोव्हेंबरभर बोंबीलच आले. साहेबांनी लिहून विचारलं, पापलेट एकही कसं नाही? मी उत्तर दिलं, पापलेटला विचारा. ते मी रागात लिहिलं, आणि टपालात टाकल्यावर राग गेला, पण पत्रही गेलं होतं.

नाखव्यासमोर मी आडून विषय काढला, तुमच्यात मुली बाहेर देतात का? तो जाळं शिवत होता. मान वर न करता म्हणाला, "आमची पोर दर्या सोडून जायची नाय. आन घाटावरच्या मानसाला पानी बघूनच चक्कर येते." मी त्याला दाखवायला धक्क्याच्या अगदी कडेला जाऊन उभा राहिलो. चक्कर आली. पण त्याला दिसलं नसावं.

ताई, नोकरी आणि ती, दोन्ही मार्चपर्यंत पक्कं व्हायला हवं. नोकरी गेली की मी वाईला, आणि ती इथं. मग मी कृष्णेत उडी मारेन.

सोबत तिनं दिलेले सुके बोंबील कांद्याच्या ट्रकबरोबर पाठवतोय.

तुझा
इंद्रजित


वाई
२० डिसेंबर १९९६

चि. इंद्रजित,

कृष्णेला डिसेंबरात गुडघाभर पाणी असतं. उडी मारलीस तर पाय मोडेल.

बोंबील पोचले. ड्रायव्हरनं पोतं स्टँडवर उतरवून ठेवलं आणि माझं नाव मोठ्यानं पुकारलं. तासाभरानं मी गेले तेव्हा पोत्याभोवती मांजरं होती आणि मांजरांभोवती माझे विद्यार्थी. हेडबाईंनी विचारलं, कुठून आलं हे? मी म्हटलं, भावाच्या होऊ घातलेल्या सासरहून. हे जरा घाईनं बोलले गेले. पण चव छान होती. आप्पांनी तिसरी भाकरी घेतली आणि पुन्हा भिमाबाईची चौकशी केली.

आता कान उघडे ठेवून वाच. जनगणनेत मी पहिल्या घरी चहा प्यायले आणि बाकी तीनशे नव्याण्णव घरं 'अशीच' म्हणून लिहून टाकली असती, तर आमच्या गावात आज प्रत्येक घरी दोन बायका, एक घड्याळ आणि बहिरा सासरा असता. दर सातवी बोट हा नियम कोणीतरी मूर्ख म्हणून केलेला नाही. उद्यापासून सरळ मोज. मुलगी आवडली असेल तर तिच्याशी बोल, तिच्या बापाची बोट देशाच्या गळ्यात का बांधतोस?

तुझी
उज्वलाताई


मासळी मोजणी कार्यालय
दिनांक ६ फेब्रुवारी १९९७

प्रति,
श्री. इंद्रजित शेलार, तात्पुरते मोजणीदार

विषय : माहे जानेवारीचे मत्स्योत्पादन शून्य असल्याबाबत.

महोदय,

आपणाकडील तक्त्यांनुसार धक्क्यावरील उत्पादन नोव्हेंबरमध्ये केवळ बोंबील इतकेच होते. डिसेंबरमध्ये ते गतवर्षीच्या तिप्पट झाले, त्याबद्दल वरिष्ठांनी अभिनंदनपत्राचा मसुदा तयार केला होता, तो सहीस जाण्यापूर्वी थांबविण्यात आला आहे. जानेवारीत मात्र दहाही दिवशी आपण 'शून्य' नोंदविले असून एकूण बोटींच्या संख्येने गुणिले असता तेही शून्यच येते.

सबब, सदर कालावधीत वादळ, संप अथवा मासळीचे सामूहिक स्थलांतर यांपैकी काय घडले, याचा खुलासा करावा. तसेच सर्व तक्त्यांत 'भिमाबाई' हे एकच नाव आढळते. सदर बाईंचा शासकीय कामाशी काय संबंध आहे, अशी वरिष्ठांकडून विचारणा झाली आहे.

मंगळवार दि. ११ रोजी मी मत्स्यतज्ज्ञांसह समक्ष पाहणीस येत आहे. आपण हजर राहावे. 'पापलेटला विचारा' अशा स्वरूपाचे उत्तर ग्राह्य धरले जाणार नाही.

आपला,
म. बा. रणपिसे, सुपरवायझर


तुर्भे
१६ फेब्रुवारी १९९७

प्रिय ताई,

साहेबांचं पत्र सोबत जोडलंय. आधी ते वाच, म्हणजे मला वेगळं रडावं लागणार नाही.

तुझं ऐकणार होतो. देवाशपथ. पण जानेवारीच्या दोन तारखेला भिमाबाईचं इंजिन बसलं आणि नाखव्यानं बोट सुक्यावर ओढली. महिनाभर काम. जयवंती धक्क्यावर यायचीच बंद झाली, किनाऱ्यावर बसून बोटीच्या बुडाला चिकटलेल्या शिंपल्या खरवडायची. मग मीही फॉर्म घेऊन तिथंच बसायचो. आता सांग, समोर बोट सुक्यावर, तिच्यात मासळी किती? शून्य. मी तेच लिहिलं. एक अक्षर खोटं लिहिलं नाही.

मंगळवारी साहेब आले. बरोबर ते तज्ज्ञ, गळ्यात दुर्बीण, हातात पाणी तपासायच्या बाटल्या. त्यांना वाटलं होतं सुनसान धक्का असेल. ताई, त्या दिवशी इतकी मासळी आली होती की चालायला वाट नव्हती. साहेब म्हणाले, "हे काय आहे?" आणि पुढच्याच पावलाला बांगड्यांवर पाय पडून सपशेल खाली बसले.

सखूबाई कोळीण पाटी घेऊन चालली होती. "काय शोधताव सायब?"

तज्ज्ञ म्हणाले, "बाई, जानेवारीत या धक्क्यावर मासळी शून्य होती. त्याचं कारण शोधतोय."

झालं. सखूबाईनं पाटी खाली ठेवली. "शून्य? माझा घोव महिनाभर दर्यात काय पत्ते खेलायला गेलता?" बघता बघता चाळीस बायका जमल्या. कोणीतरी साहेबांना हात देऊन उठवत म्हणालं, "सांबालून सायब, शून्यावरनं परत घसराल." आणि मग सगळ्यांच्या माना एकदम माझ्याकडे वळल्या.

मी सगळं सांगितलं. म्हणजे, फक्त एकच बोट मोजली हे सांगितलं. का, ते कोणी विचारलंच नाही. चाळीस बायकांना आपोआप कळलं. सगळ्या जयवंतीकडे बघायला लागल्या. मला वाटलं, ती लाजेल. ती चालत माझ्यापाशी आली.

"माझ्या बापाची बोट सुक्यावर, म्हनून सगल्या दर्याची मासली बंद?"

"तुझ्याशिवाय मला काही दिसत नव्हतं," मी म्हटलं. सगळ्यांसमोर. डोकं गरम होतं ना.

"मग चष्मा लाव! सखूमावशीच्या घोवाला येक दिस ताप होता तरी गेलता तो. त्याची मेहनत तुझ्या कागदात कुठं हाय?"

ताई, तू सुनेसाठी तीन चकरा मारल्या होत्यास, ते मला तेव्हा आठवलं. कानाखाली बसल्यासारखं झालं.

साहेब म्हणाले, आता जानेवारी गेला तो गेला. जयवंती म्हणाली, "कुठं गेलाय? सगल्यांच्या डोक्यात हाय." आणि खरंच गं. पाट्या उतरवतात बायका, विकतात बायका, त्यांना कुठल्या दिवशी कुठल्या बोटीला किती पाट्या ते तोंडपाठ. तिथंच धक्क्यावर बैठक बसली. साहेब लिहायला. प्रत्येक बाई नवऱ्याची इज्जत वाढवून सांगे, "पन्नास पाट्या पापलेट!" की जयवंती शांतपणे, "सायब, बावीस लिवा. त्या दिवशी टेम्पोत मी होते." भांडणं, शिव्या, चहा, पुन्हा भांडणं. चार वाजता जानेवारी पुरा झाला. पापलेट, बांगडा, कोळंबी, सगळं. तज्ज्ञांनी दुर्बीण पिशवीत घातली.

मग साहेबांनी निकाल दिला. मला काढलं. माझ्या जागी जयवंतीला नेमलं.

मी चिडलो नाही, याचं मलाच नवल वाटलं. बॉलपेन तिच्या हातात दिलं. ती म्हणाली, "चालतं का तरी, का हे बी शून्यच लिवतं?"

मामानं कांद्याचा ट्रक बघून ठेवलाय. काय करू?

तुझा
इंद्रजित


द्रोणागिरीचा धक्का
२ मार्च १९९७

उज्वलाताईंना,

जयवंतीचा नमस्कार. आपली वलख नाय, पन तुमी माझे बोंबील खाल्लेत, म्हनून लिवते.

तुमचा भाव वाईला गेला नाय. ट्रकमधनं उडी मारून आला आन बाबाला म्हनाला, बोटीवर घ्या, पगार नको. बाबा म्हनाला, मोसम संपेपर्यंत टिकलास तर बोलू. पयल्या आठवड्यात त्यानं जेवढं खाल्लं तेवढं दर्याला दिलं. बाबा म्हनतो, मासली जाड झाली त्याच्या ओकारीवर. पन रोज येतो. आता बरफ फोडतो, जाली वढतो, आन खलाशांशी भांडतो.

तो मला लग्नाचं विचारतो. मी मोजनीचं काम शिकले, त्यात येक गोष्ट कलली. येकाच ठिकानी विचारायचं नाय. म्हनून त्याच्या मामाला विचारलं, मामीला विचारलं, आता तुमाला. तो सगलं गुनाकार करून सांगतो. कॉलेजात सगल्यात हुशार व्हतो म्हनतो. मूल आकडा काय हाय तो कलवा.

जयवंती


वाई
९ मार्च १९९७

चि. जयवंती,

पोस्टकार्डावर मावेल तेवढंच लिहिते. हुशार आहे, पण सगळ्यात नाही, वर्गात चौदावा होता. राग पाटीभर येतो आणि बर्फासारखा तासात वितळतो, तेवढा तास दूर बसावं. आळशी नाही. खोटं बोलत नाही, शून्य असेल तर शून्यच लिहितो, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक? शिक्षण अर्धं सोडलंय, ते तू पुरं करून घेतलंस तर आमच्या आप्पांचे डोळे निवतील. ते हल्ली तुझ्या आजीची चौकशी करतात. गैरसमज नसावा.

उज्वलाताई


तुर्भे
२७ मे १९९७

प्रिय ताई,

चौदावा? ते पोस्टकार्ड तिनं अख्ख्या बोटीला वाचून दाखवलं! खलाशी आता मला चौदावाच म्हणतात.

असू दे. तिनं अट घातलीय, जूनमध्ये कॉलेजचा फॉर्म भरायचा. भरणार. ब्युरेटचे पैसेही भरणार.

पण माझं दुःख वेगळंच आहे. ती मोजणीदार, मी भिमाबाईवर. ती दर सातवी बोट मोजते म्हणजे सातवीच. आणि आमचा नाखवा रोज पहिला! मार्च, एप्रिल, मे, तीन महिन्यांत ती एकदाही आमच्या बोटीपाशी मोजायला आली नाही. मी पाट्या उतरवत उभा, आणि ती लांब, दुसऱ्याच कोणाच्या पापलेटपाशी वही घेऊन. तेव्हा मला कळलं, मी न मोजलेल्या बोटींना काय वाटत असेल.

पावसाळ्याला बोटी बंद होणार, पुन्हा नारळी पौर्णिमेलाच. काल मोजणीचा शेवटचा दिवस होता. आम्ही नेहमीसारखे सगळ्यांच्या पुढे. धक्का दिसायला लागला. आणि नाखव्यानं इंजिन बंद केलं.

मी म्हटलं, "काय झालं नाखवा?"

एक बोट आमच्या पुढे गेली. त्यातले लोक उभे राहून बघायला लागले, पोपटनाखवा मेला की काय. दुसरी गेली. तिसरी. नाखवा दात खाऊन बसला होता, कपाळाची शीर उडत होती. चौथ्या बोटीवरून सखूबाईच्या नवऱ्यानं चक्क हात हलवला.

"नाखवा, भाव जाईल ना पहिला—"

"गप बस," तो म्हणाला. "मोज."

मी मोजलं. पाचवी. सहावी. त्यानं इंजिन चालू केलं.

आम्ही सातवे लागलो. जयवंती वही उघडी धरून समोर उभी. ताई, माझ्या हातातली पाटीच सुटली.

ती म्हणाली, "बाबा, उशीर?"

"इंजिन गरम झालं."

"जानेवारीतच नवं केलंय."

नाखवा आभाळाकडे बघायला लागला. तिनं आमच्याकडे बघितलं, मागच्या बोटींकडे बघितलं, आणि वहीत आडवी रेघ मारली.

"ही बाद. मुद्दाम सातवी आलेली बोट चालत नाय. मी आठवी मोजते."

आणि गेली! नाखवा लालबुंद. "तीस वर्सांत पयल्यांदा मागं ऱ्हायलो. अख्ख्या गावानं बघितलं. आन ही म्हनते बाद!" मग माझ्याकडे वळून ओरडला, "बघतंस काय? तुझ्या ताईला लिव. आप्पाला घेऊन या म्हनावं, बोलून टाकू. ह्या पोरीपुढं माझं येकट्याचं चालत नाय, घरात आनखी येक मास्तरीन पायजे."

ताई, तारीख तू ठरव, पण पावसाच्या आत. आप्पांना सांग, भिमाबाई सुक्यावर ओढलेली असेल, समक्ष बघून घ्या.

आठवी बोट मोजून ती परत आमच्या पाट्यांजवळून गेली. थांबली नाही. जाता जाता एक मांदेली उचलली आणि माझ्या मनगटावर मारली. काटा आत गेलाय. लवकर या.

तुझा
इंद्रजित